फेब्रुवारीपर्यंत

मिरजेत या वर्षी थंडी उशिरा आली
आणि माझे पाय तिच्याआधीच सुजले.
करंज्यांना खाली बसले तर उठवत नाही,
म्हणून अमोस लाटतो, मी खुर्चीतून भरते,
आणि तबिथा, वय दोन वर्षं सात महिने,
सारण खाते, पिठात हात बुडवते, मोजते:
एक, दोन, पाच.

गव्हाणी खिडकीत मांडलीय.
गवत म्हणून उसाचा पाला,
रस्त्यावर ट्रॉलीतून सांडलेला, फुकटचा.
मेंढपाळ दोन होते, एकाचं डोकं गेल्या नाताळात गेलं.
त्याच्या जागी शेजारच्या पोरांनी
दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा दिला, ढाल-तलवारीसकट.
बेथलेहेमात तो जरा अवघडलाय,
पण पहारा चोख देतो.

चोवीस तारखेला दिवेलागणीला
चांदणीतला बल्ब बसवायला अमोस स्टुलावर चढला
आणि वरूनच म्हणाला,
अगं, बाळ कुठाय?
मी पोटावर हात ठेवला.
तो म्हणाला, हे नाही गं. ते.

सोफ्याखाली पाहिलं. चपलांत, डाळीच्या डब्यात.
मरिया रिकाम्या पाल्याकडे बघत बसलेली,
तिला सवय असावी.
तबिथा आमच्या मागून मागून हिंडत होती
स्वेटरवर दोन्ही हात घट्ट धरून.
मग म्हणाली, बाळ अजून आलं नाही.
कोण म्हणालं?
आई म्हणाली. बाळ फेब्रुवारीत.

म्हणाले होते. रोज म्हणते.
सकाळी उठल्या उठल्या ती विचारते, आज?
मी म्हणते, नाही, फेब्रुवारीत.
तिला वाटतं फेब्रुवारी हे गाव आहे
जयसिंगपूरच्या पुढचं कुठलं तरी,
बाळ तिथून एसटीत बसलंय
आणि रस्त्यात उसाच्या गाड्या फार आहेत.

फेब्रुवारी म्हणताना मी आवाज जरा जास्तच ठाम करते.
मधे एक ऑगस्ट होता.
तो आला नाही.

स्वेटर वर केला तर बेंबीपाशी,
चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचलेलं,
प्लास्टरचं, टाचेचा रंग उडालेलं, कोमट झालेलं.
अमोसनं हात पुढे केला
तर अशी किंचाळली की मलाच वेणा सुरू झाल्यासारखं झालं.
राहू दे, मी म्हटलं.
दिवस भरले नाहीत म्हणतेय ती.

साडेदहाला कॅरलची पोरं आली, ढोलकी, मफलर,
त्यांच्यातलाच एक गव्हाणीत डोकावून म्हणाला,
दादा, बाळ?
अमोस म्हणाला, वाटेत आहे.
आणि करंज्यांचं ताट पुढे केलं.

पोरं गेल्यावर गल्ली गप्प झाली.
फक्त दस्तगीरचाचांच्या कारखान्यात दिवा जळत होता.
ते सतारीच्या भोपळ्यावर बोटाचं पेर मारतात, कान लावतात,
पुन्हा मारतात.
घाईनं उतरवलेला भोपळा आयुष्यभर कच्चा बोलतो, म्हणतात.
तबिथानं हे रोज पाहिलेलं.
आडवी झाले तशी आली, माझा गाऊन बाजूला केला
आणि पेर मारलं. टक्.
कान लावला.
आतून कुणीतरी तिच्या गालावर लाथ मारली.

ती हसली नाही.
चाचांसारखीच मान हलवून म्हणाली,
अजून वाळायचंय.
मग स्वतःच्या पोटावरही एक टक् मारून पाहिलं
आणि माझ्या कुशीत मळकट मोज्यांसकट झोपली.
अमोस पहाटेच्या पाळीला निघाला तेव्हा
दोघींवर, म्हणजे चौघांवर, चादर ओढून गेला.
नाताळ आहे म्हणून काटा काही बंद राहत नाही.

सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर
मी कठड्याला धरून, दर तिसऱ्या पायरीला थांबत.
पुढे ती, नव्या लाल फ्रॉकमध्ये,
पाय फाकवून, पाठ मागे टाकून,
एक हात कमरेवर, एक पोटाखाली.
वर पोचल्यावर वळून माझ्याकडे बघितलं
आणि दमलेल्या बाईच्या आवाजात म्हणाली,
हळू ये गं.
घाई नाही.